पाठमोऱ्या बाईंचा वर्ग

वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेत एका खोलीला दोन फळे असतात. पहिली एका भिंतीकडे तोंड करून बसते, दुसरी समोरच्या. बाई दुसरीला हातच्याची बेरीज समजावू लागल्या की पहिलीला त्यांची पाठ दिसते. दहा-पंधरा मिनिटांनी बाई वळतात, मग पाठ दुसरीच्या वाट्याला. शेजारच्या खोलीत तिसरी-चौथीला घेऊन गुरुजींचं हेच चाललेलं असतं. ते त्या दिवशी तालुक्याला गेले असतील तर चारही इयत्ता एका खोलीत येतात, आणि मग बाईंची पाठ एका वेळी तीन वर्गांना दिसते.

अशा शाळेत गेलेला पाहुणा बाई काय शिकवतायत ते बघत बसतो. साहेबही तेच बघतात. बघायला हवं ते त्यांच्या पाठीमागे. ज्या वर्गाकडे बाईंची पाठ आहे, तो वर्ग या घटकेला काय करतोय? जोडवर्गाची सगळी विद्या आणि सगळी फसगत या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

शहरातल्या वाचकाला ही कुठली तरी आडवळणाची, नाइलाजाची शाळा वाटेल. शाळांच्या 2024-25 च्या सरकारी यू-डायस नोंदींनुसार देशात एकच शिक्षक असलेल्या शाळा 1,04,125 आहेत आणि त्यांत 33 लाखांवर मुलं शिकतात. महाराष्ट्रात अशा शाळा 8,152. ही नुसती एकशिक्षकी शाळांची गणती झाली. दोन शिक्षक आणि चार-पाच इयत्ता असलेल्या शाळा यात धरलेल्याच नाहीत. ‘असर’च्या 2024 च्या ग्रामीण शिक्षण-पाहणीत साठाहून कमी पटाच्या सरकारी प्राथमिक शाळांचं प्रमाण निम्म्याच्या वर, 52.1 टक्क्यांवर गेलेलं दिसलं. प्राथमिक शाळांतल्या पहिली-दुसरीच्या दर तीनपैकी सुमारे दोन वर्गांत इतर इयत्तांची मुलंही बसलेली होती. म्हणजे ग्रामीण भागात एका इयत्तेला एक खोली आणि एक शिक्षक मिळणारं मूलच अल्पसंख्याक म्हणायचं.

आणि हे कायद्याला धरूनच आहे. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याचं परिशिष्ट सांगतं की पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, नव्वदपर्यंत तीन, एकशेवीसपर्यंत चार. दोन शिक्षकांना पाच इयत्ता विभागून दिल्या तर एकेका शिक्षकाकडे निदान दोन आणि एकाकडे तीन इयत्ता येणार, हे पाचवीतला पोरगाही सांगेल. कायदा लिहिणाऱ्यांना ते दिसलं नसेल असं नाही. पण त्याच परिशिष्टात वर्षाला दोनशे दिवस आणि आठशे तास अध्यापन असंही आहे. दिवसाला चार तास. ज्या शिक्षकाकडे दोन इयत्ता आहेत त्याच्याकडून एका इयत्तेला प्रत्यक्ष मिळणार दोन तास. एकशिक्षकी शाळेत चार इयत्ता धरल्या तर एक तास. त्या तासात भाषा, गणित, इंग्रजी, परिसर अभ्यास, आणि मधेच कुणाला तरी शी लागणार. उरलेले तीन तास मूल शाळेतच असतं. पाठमोऱ्या बाईंच्या मागे.

हे तीन तास कसे भरायचे, याचं उत्तर आपल्याकडे एकेकाळी तयार होतं. पंतोजींच्या शाळेत इयत्ता नव्हत्याच. ओसरीवर किंवा देवळात पाच वर्षांचा आणि चौदा वर्षांचा शेजारी शेजारी बसत. एक धूळपाटीवर अक्षर गिरवतोय, दुसरा निमकी-पाउणकी घोकतोय, तिसरा मोडी खलिता उलगडतोय. पंतोजी थोरल्यांना सांगत, थोरले धाकट्यांना. मद्रासला लष्करी अनाथाश्रमाचं काम पाहणारा अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री 1789 नंतरच्या काळात असाच काही प्रकार बघून थक्क झाला. मुलं वाळूत बोटानं अक्षरं काढतायत आणि एकमेकांना शिकवतायत हे त्यानं पाहिलं, आपल्या आश्रमात तेच सुरू केलं आणि 1797 मध्ये त्यावर पुस्तिका छापली. इंग्लंडात जोसेफ लँकेस्टरनं जवळजवळ तीच पद्धत गरीब मुलांच्या प्रचंड शाळांत चालवली. तिथून ती फिरून मुंबई इलाख्यात आली, ती मात्र साहेबाची सुधारित पद्धत म्हणून. आपल्या ओसरीवरची वस्तू विलायतेची मोहोर उठवून परत घेणं आपल्याला नवं नाही.

पंतोजींच्या शाळेचे गोडवे गायचं मात्र कारण नाही. छडी होती, अंगठे धरून उभं राहणं होतं, मुली नव्हत्या, आणि गावकुसाबाहेरचं मूल त्या ओसरीवर चढू शकत नव्हतं. इयत्ता, क्रमिक पुस्तक, तपासणी आणि हजेरीपट घेऊन आलेल्या सरकारी शिक्षणखात्यानं दार थोडं तरी किलकिलं केलं. पण सगळी मुलं एका वयाची, एका पानावर असलेली आणि समोर एक शिक्षक, ही शाळेची प्रतिमा तेव्हापासून जी डोक्यात बसली ती बसलीच. गावोगाव शाळा निघाल्या त्या एकशिक्षकी. पुस्तकं आणि वेळापत्रकं लिहिली गेली ती मोठ्या गावातल्या शाळेसाठी. 1986 च्या राष्ट्रीय धोरणानंतर 1987 मध्ये खडू-फळा मोहीम आली, तिनं प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या आणि दोन शिक्षक, शक्यतो त्यातली एक बाई, असा नियम घातला. एकाचे दोन झाले ही मोठीच गोष्ट. पुढे वस्तीशाळा निघाल्या, धनगरवाड्यांवर, पाड्यांवर, तांड्यांवर. तिथले निमशिक्षक सुरुवातीला महिना हजार रुपये मानधनावर राबले. शाळा दाराशी आली. दाराशी आलेली शाळा लहानच असणार, आणि लहान शाळेत इयत्ता एकत्रच बसणार. हे गणित आपण मांडलं, पण उत्तर लिहिताना आपल्या शाळाखात्याचा हात पुढे सरकला नाही.

डी.एड.ला असताना जोडवर्गाचा पाठ घ्यावा लागतो. तो बहुतेकांनी उरकलेला असतो. एका वर्गाला प्रत्यक्ष अध्यापन, दुसऱ्याला स्वयंअध्ययन, असे टाचणात दोन रकाने. सरावपाठाच्या त्या पस्तीस मिनिटांत स्वयंअध्ययनवाली मुलं शहाण्यासारखी बसतात, कारण मागे निरीक्षक असतात आणि पाठ घेणाऱ्याचे चार मित्रही. नोकरी लागून पाड्यावर रुजू झाल्यावर कळतं, की स्वयंअध्ययन हा शब्द टाचणात लिहायला जितका सोपा तितका पहिलीच्या मुलाकडून करवून घ्यायला अवघड. ज्याला अजून वाचताच येत नाही त्याला फळ्यावरची सूचना काय कामाची? म्हणून मग ‘एक ते शंभर लिहा’. ते झालं की ‘पुन्हा लिहा’. पान भरतं, वेळ भरतो. अनेक शाळांत पाठीमागच्या वर्गाचं उत्तर एवढंच असतं: शुद्धलेखन, उजळणी, पुस्तकातला धडा उतरवून काढणं. मूल गप्प असतं म्हणून ते शिकतंय असं धरून चालतात. चौथीतली सुवाच्य अक्षराची मुलगी धडाच्या धडा बिनचूक उतरवते आणि त्यातलं वाक्य वाचून दाखव म्हटलं की अडखळते, ते यातूनच.

ज्यांना हे साधलंय त्या शिक्षकांचं वर्ष वेगळं सुरू होतं. अशी माणसं आहेत, आणि बहुधा कुठल्याही यादीत नाहीत. जूनमध्ये शाळा उघडली की पहिले काही आठवडे ते तिसरी-चौथीला फारसं नवं शिकवतच नाहीत. त्यांना काम करायची रीत शिकवतात. साहित्य कुठून घ्यायचं, कुठं ठेवायचं, अडलं तर आधी कुणाला विचारायचं, आपलं आपण कसं तपासायचं, झाल्यावर पुढचं काय उचलायचं. ‘सर, झालं!’ ही आरोळी जोडवर्गाच्या शिक्षकाची वैरीण. दर दोन मिनिटांनी ती आली की समोरचा धडा तुटतो. ती बंद पडली की निम्मी लढाई जिंकली. एवढी घडी बसेपर्यंत पावसाळा निम्मा सरतो, आणि मग मोकळा झालेला वेळ शिक्षक पहिलीला देतो. पहिलीला वाचता येईपर्यंत ती शिक्षकाचा हात सोडू शकत नाही. थोरल्यांनी लवकर हात सोडला तरच धाकट्यांना तो धरायला मिळतो.

घरची भाषा वेगळी असली की हा हात आणखी लांब धरावा लागतो. अक्कलकुवा-धडगावकडे पावरी, भिली, मेळघाटात कोरकू, डहाणू-तलासरीत वारली. पहिलीतलं मूल बाईंची मराठी ऐकून नुसतं बघत राहतं. इथे जोडवर्ग अवचित कामी येतो. तिसरीतली बहीण शेजारीच असते. बाईंचं एक वाक्य ती घरच्या बोलीत धाकट्याच्या कानात सांगते आणि धाकटा उठून खिडकीतला खडू आणून देतो. फक्त पहिलीच्याच तीस मुलांच्या वर्गात ही दुभाषी बहीण कुठून आणणार?

चांगला शिक्षक इयत्ता कशा जोडतो हेही बघण्यासारखं आहे. रूढ जोडी पहिली-दुसरी आणि तिसरी-चौथी. काही जण ती मोडून पहिलीबरोबर चौथी घेतात आणि दुसरी-तिसरी दुसऱ्याकडे देतात. कारण उघड आहे. पहिली आणि दुसरी दोघींनाही शिक्षक सतत लागतो. चौथी स्वतःचं स्वतः ओढते आणि वर पहिलीलाही हात देते. या व्यवस्थेला धोकाही आहे. हुशार चौथीवाली पोरगी बघता बघता बिनपगारी मदतनीस होते. पाटी तपास, नाक पूस, हजेरी घे. दुसऱ्याला शिकवताना आपलंही पक्कं होतं हे खरं, पण काही मर्यादेपर्यंत. त्यापुढे तिचा अपूर्णांक तसाच राहतो. मदत करणारं मूल रोज बदलतं की तेच असतं, आणि ती मुलगीच असते का, एवढं विचारलं तरी शाळेचं बरंच काही समजतं.

विषयांच्या बाबतीतही प्रत्येकाची वागणूक वेगळी. गोष्ट, गाणं, चित्र, प्रयोग, गावफेरी याला इयत्ता लागत नाही. ओढ्याकाठी सगळ्यांना नेलं, परत आल्यावर पहिलीनं चित्र काढलं, दुसरीनं खाली नावं लिहिली, तिसरीनं चार ओळी, चौथीनं ओढ्याचा नकाशा. एक विषय, चार उंचीचं काम. भाषेला हे छान बसतं. परिसर अभ्यासालाही बसेल, पण तिथे पुस्तक आडवं येतं. तिसरीचं पुस्तक आपल्या जिल्ह्याचं, चौथीत शिवाजी महाराजांचा इतिहास. दोन्ही वर्गांना मिळून एक वर्ष जिल्हा आणि एक वर्ष शिवकाल असं आलटून-पालटून शिकवता आलं असतं. चौथी पार करेपर्यंत प्रत्येक मुलाचं दोन्ही झालंच असतं. पण संकलित चाचणीची प्रश्नपत्रिका इयत्तेची छापून येते. चाचणीला कुठला भाग कुठल्या वर्षी घेतलाय याचं सोयरसुतक नसतं.

गणित मात्र हट्टी. त्यात पायरी चुकवून चालत नाही. तिथे सगळ्यांत उपयोगी पडतात आइसक्रीमच्या काड्या. दहा-दहाच्या गठ्ठ्यांना रबर लावून ठेवलेल्या. त्याच काड्यांवर पहिली मोजते, दुसरी गठ्ठा सोडून वजाबाकी करते, तिसरी समान वाटे घालते. साहित्य एक असलं की शिक्षकाची पाठ असतानाही हात चालू राहतात. हे मी कौतुकानं लिहितोय, पण एक कबूल करायला हवं: अशी तयारी रोज चार इयत्तांसाठी करणं हे माणसाला दमवणारं काम आहे, आणि त्याला शाळेच्या वेळापत्रकात जागा नाही. कायद्यात आठवड्याला पंचेचाळीस तास म्हटलंय, तयारीचे तास धरून. ते तयारीचे तास ऑनलाइन माहिती भरण्यात, पोषण आहाराच्या नोंदीत आणि मतदारयादीच्या कामात जातात. शंभर मुलांच्या शाळेला जेवढे तक्ते भरावे लागतात तेवढेच बारा मुलांच्या शाळेला. मोठ्या शाळेत ते सहा जणांत वाटले जातात. इथे दोघांत, आणि त्यातला एक मुख्याध्यापक म्हणून केंद्रावरच्या बैठकीला गेलेला.

पाठमोऱ्या तासांचा प्रश्न पद्धतशीर सोडवायचा सर्वांत गाजलेला भारतीय प्रयत्न आंध्रात झाला. मदनपल्लीजवळच्या ऋषी व्हॅलीच्या आसपासच्या खेड्यांत पद्मनाभ राव आणि रमा या जोडप्यानं छोट्या एकशिक्षकी शाळांसाठी कार्डं तयार केली. भाषा आणि गणिताची एकेक शिडी. शिडीवर टप्पे, टप्प्यात कार्डं, कार्डावर चित्राची खूण. सशाचं कार्ड म्हणजे अमुक कृती, पोपटाचं म्हणजे तमुक, अशा प्रकारची. न वाचता येणाऱ्या मुलालाही खुणेवरून आपलं पुढचं काम कळतं, ते रॅकवरून कार्ड उचलतं. कुठलं शिक्षकाबरोबर करायचं, कुठलं मित्राबरोबर, कुठलं एकट्यानं, हेही ठरलेलं. गैरहजर राहिलेलं मूल परत आलं की ज्या कार्डावर थांबलं होतं तिथून सुरू करतं. वर्ग त्याच्या पुढे गेलेला नसतो, कारण वर्ग म्हणून कुणी चाललेलंच नसतं.

ही कल्पना 1995 मध्ये कर्नाटकात, म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात ‘नली कली’ म्हणून रुजली. शिक्षकांनी स्वतः जाऊन बघितलं, स्वतः कार्डं लिहिली. 2009 मध्ये ती राज्यभर नेली. तमिळनाडूनं चेन्नईच्या महापालिका शाळांत 2003 पासून तशीच पद्धत सुरू करून पुढे राज्यभर पसरवली. आणि राज्यभर गेल्यावर जे होतं ते झालं. कार्डं वरून छापून येऊ लागली. ती फाटली, हरवली, पुन्हा आली नाहीत. ज्यांनी लिहिली नव्हती त्यांना ती ओझं वाटली. शिडी चढणं हेच काम होऊन बसलं. मूल कार्ड संपवतंय पण काही बोलत नाही, अशी तक्रार जाणकारांनी केली. माझं मत विचाराल तर कार्डांत दोष नव्हता. स्वतःची कार्डं स्वतः लिहिणारा शिक्षक आणि आलेला गठ्ठा उघडणारा शिक्षक, यांच्यातलं अंतर कुठलाही छापखाना भरून काढत नाही.

सातासमुद्रापलीकडे कोलंबियानं हे बऱ्याच अंशी टिकवलं. 1970 च्या दशकाच्या मध्यात विकी कोलबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामीण भागातल्या शाळांसाठी ‘एस्कुएला नुएवा’, म्हणजे नवी शाळा, सुरू केली. मुलांनी स्वतः वाचून करायच्या मार्गदर्शक पुस्तिका, आपल्या गतीनं वर चढणं, मुलांचीच पंचायत, आणि शिक्षकांनी महिन्यातून एकमेकांच्या शाळेत जमणं. 1998 मध्ये युनेस्कोनं लॅटिन अमेरिकेतल्या देशांची तुलना प्रसिद्ध केली, तेव्हा महानगरं सोडली तर कोलंबियातल्या खेड्यातली मुलं शहरातल्यांच्या पुढे निघाली. त्या पाहणीत असा प्रकार दुसऱ्या देशात दिसला नाही. छोटी शाळा आपोआप कमअस्सल ठरत नाही, याला एवढा पुरावा पुष्कळ आहे.

आणि पुराव्यासाठी एवढं लांब जायलाच हवं असंही नाही. डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कुरणशाळा चालवली. मुलं गुरं राखायला जातात, शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात नेली. गुरं चरतायत, पोरं झाडाखाली. कोण पहिलीत आणि कोण तिसरीत हा प्रश्न तिथे विचारायला माणूसच नव्हतं. कुणाला काय येतं एवढंच बघायचं होतं. अलीकडच्या काळात साताऱ्याजवळच्या कुमठे बीटातल्या जिल्हा परिषद शाळांनी फरशीवर अक्षरं, संख्यारेषा, तक्ते आखून टाकले आणि बाकं बाहेर काढली. राज्यभरातून हजारो शिक्षक ते बघायला गेले, 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयामागे तीच प्रेरणा होती. बघून आलेल्या अनेकांनी आपल्या शाळेची फरशी रंगवली. काही ठिकाणी बदल रंगाच्या पुढे गेलाच नाही. पण जोडवर्गाच्या शिक्षकाला त्यातला मुद्दा चटकन कळला होता: फरशीवर आखलेलं काम बाईंची पाठ असतानाही मुलांच्या समोर असतं. 2025 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेला जागतिक स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा तिथल्या ‘विषयमित्र’ पद्धतीचा बराच बोलबाला झाला. वयाचा विचार न करता ज्याला जे येतं त्यानं ते दुसऱ्याला शिकवायचं. पंतोजी हसले असते.

तरीही सरकारदरबारी लहान शाळेकडे बघायची नजर हिशेबाचीच राहिली. डिसेंबर 2017 मध्ये दहाच्या आत पट असलेल्या तेराशेवर शाळा बंद करून मुलं जवळच्या शाळेत पाठवायचं ठरलं, त्यावर मोठा गदारोळ झाला. 2023 मध्ये समूहशाळेची योजना आली. त्या वेळी दिलेल्या आकड्यांप्रमाणे वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा 14,783, त्यांतली मुलं 1,85,467 आणि शिक्षक 29,707. म्हणजे शाळेमागे सरासरी साडेबारा मुलं आणि शिक्षकामागे सहा. कागदावर बघणाऱ्याला हा उधळेपणा वाटणारच. पानशेतच्या समूहशाळेचा आणि तोरणमाळच्या निवासी शाळेचा दाखला देण्यात आला. 2024 च्या सप्टेंबरात आणखी एक वाट काढली: कमी पटाच्या शाळेत दोनपैकी एक जागा निवृत्त शिक्षकानं किंवा बेरोजगार डी.एड.-बी.एड.धारकानं महिना 15,000 रुपये मानधनावर चालवायची. पहिला आदेश निघाला तो नेमका पाच सप्टेंबरला. शिक्षक रस्त्यावर आले, मग आदेश बदलत गेले.

समूहशाळेची बाजू अगदीच पोकळ नाही, हे म्हणायला हवं. पाच मुलांच्या शाळेत कबड्डीचा संघ होत नाही. दुसरीत एकटंच मूल असलं तर त्याला बरोबरीचं कुणी नसतं. वर्षभर त्याचा पहिला नंबर आणि शेवटचाही तोच. दोघांपैकी एक शिक्षक आळशी निघाला तर निम्मी शाळा बुडाली. पालकही मूर्ख नाहीत. तालुक्याच्या इंग्रजी शाळेची पिवळी बस वाडीपर्यंत येऊ लागली की ज्यांना परवडतं ते मूल तिच्यात चढवतात, पट आणखी घसरतो. पण बस पावसाळ्यात मोरीपाशी थांबते. कायद्यानं प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत ठेवली ती सहा वर्षांच्या मुलाच्या पायांचा अंदाज घेऊन. घाटमाथ्यावर एक किलोमीटर म्हणजे एक ओढा, एक चढ आणि चार महिने धुकं. शाळा लांब गेली की थोरला भाऊ जातो, बहीण घरी राहते. हे होणार की नाही हे तपासायला अभ्यासगट नेमायची गरज नाही, वाडीतल्या कुठल्याही आजीला विचारावं.

मला वाटतं वाद चुकीच्या जागी चाललाय. शाळा ठेवायची की मिटवायची यावर मोर्चे निघतात, लेख येतात; ठेवलेल्या शाळेत पाठमोऱ्या तासांचं काय करायचं यावर कुणी मोर्चा काढत नाही. एवढ्या शाळा जोडवर्गाच्या असताना जोडवर्गासाठी लिहिलेलं पाठ्यपुस्तक नाही. मूल्यमापन इयत्तेचं. टाचण इयत्तेचं. भेटीला आलेले साहेब बाईंना विचारतात, आत्ता कुठल्या वर्गाचा तास चालू आहे? खरं उत्तर ‘सगळ्यांचा’ असतं. ते दिलं तर शेऱ्यात काय येईल याचा भरवसा नसतो, म्हणून भिंतीवर एक वेळापत्रक असतं, प्रत्येक इयत्तेचे आठ-आठ तास नीट आखलेलं. ते दाखवण्यासाठी. ज्या रीतीनं शाळा खरोखर चालते ती कुठं लिहिलेली नसल्यानं बाईंची बदली झाली की तीही त्यांच्याबरोबर जाते, आणि नवीन माणूस पुन्हा ‘एक ते शंभर’पासून सुरू करतो.

मुलांचे गट त्यांना काय येतं त्यावरून करायचे, इयत्तेवरून नाही, ही गोष्ट आता परिपत्रकांतही आली आहे. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असे वाचनाचे स्तर शिक्षकांच्या तोंडी बसलेत. पायाभूत साक्षरतेच्या ‘निपुण’ मोहिमेनं त्याला जोर दिला. दिवसातला तास-दीड तास स्तरांचे गट आणि उरलेला वेळ पुन्हा इयत्ता, असा तोडगा पुष्कळ शाळांत चालू आहे. मोठ्या शाळेत यासाठी मुलांना वर्गातून उठवून दुसऱ्या खोलीत न्यावं लागतं, आणि चौथीतल्याला पहिलीच्या खोलीत जायची लाज वाटते. जोडवर्गात ती हलवाहलव नसते. चौथीतला पोरगा शब्दगटात बसला तरी कुणाच्या लक्षात येत नाही. खोली तीच, सतरंजी तीच.

दिवाळीच्या सुट्टीनंतर हे विशेष उपयोगी पडतं. बीड, पाथर्डी, जतच्या बाजूला दिवाळी झाली की ऊसतोडीला कोयते निघतात, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि मागे-पुढे मुलं. आजीजवळ ठेवून हंगामी वसतिगृहात जेवायची सोय झाली तर मूल गावात राहतं. नाहीतर कारखान्याच्या तळावर साखरशाळा असली तर तिथे, नसली तर फडात. वीस पटाच्या शाळेत नोव्हेंबरात नऊ मुलं उरतात. साखरशाळेतही सगळ्या इयत्तांची, सगळ्या गावांची मुलं एकाच खोपीत. मार्च-एप्रिलमध्ये हंगाम संपून पट्टा पडला की मुलं परततात, अंगावर उन्हाचा रंग आणि हातात शिक्षण हमी कार्ड असलं तर असलं. हजेरीपटावर ते मूल तिसरीत असतं, आणि तिसरीचं पुस्तक त्याच्याशिवाय पार भागाकारापर्यंत गेलेलं असतं. काड्यांचे गठ्ठे मात्र दुसरीजवळ तसेच पडलेले असतात. बाई त्याला तिथे बसवतात, शेजारी चौथीतलं एखादं पोर देतात आणि परीक्षेच्या आधी उरलेल्या दिवसांत हातच्याची वजाबाकी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.